कॅसेट कितीला घ्यावी?

माझ्या लहानपणी शिरड शहापूरला टीव्ही गेमच्या कॅसेटचं दुकान नव्हतं. कॅसेट यायची वसमतहून, नाहीतर लग्नासाठी नांदेडला गेलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून. गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोवर आम्ही 'कॉन्ट्रा' कितीदा तरी संपवला होता. आता चाळिशी ओलांडली, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, थोडी हळद आहे, आणि त्याच पिवळ्या कॅसेटी परत गोळा करायचं खूळ डोक्यात आहे. पैसे घालवून जे कळलं ते सांगतो.

१. आकडा आधी ठरवा, फोटो नंतर बघा. फोटो बघून ठरवलेला आकडा कधीच खाली येत नाही, वरच जातो. हळदीची पट्टी मी या नादाला लावत नाही. दुकानात रेडिओ, सेट-टॉप बॉक्स असलं किरकोळ काही दुरुस्त केलं की त्याचे पैसे बिस्किटाच्या डब्यात टाकतो. डब्यात असेल तेवढंच बजेट. डबा रिकामा असताना चांगली वस्तू हातची गेली तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही. तिसऱ्या दिवशी लागतं.

२. घरी खरा आकडा सांगता येत असेल तरच घ्या. हा धडा मला सगळ्यात महागात पडला. एक गेम मी २,८०० ला घेतला. मूळ खोका, आतलं थर्माकोल, दोन्ही रिमोट, सगळं जागेवर. बायकोनं विचारलं, "कितीला पडलं हे?" तोंडातून निघून गेलं, "आठशे." दिवाळीला मेव्हणा आला. त्याच्या लेकरानं तो गेम हातातून सोडला नाही. बायको म्हणाली, "अहो, आठशेचाच तर आहे, देऊन टाका त्याला. तुम्ही दुसरा घ्या." मेव्हणा भला माणूस, हजार द्यायला निघाला, तर हिनंच दोनशे त्याला परत करायला लावले. मी आठशे मोजून घेतले आणि वर हसलोही. त्या दिवसापासून घरात खरा भाव सांगतो, आणि जो भाव सांगताना जीभ अडखळते त्या भावात वस्तू घेत नाही. याहून चांगला तराजू मला अजून सापडलेला नाही.

३. पिना मोजा. आपल्याकडे 'लिटल मास्टर' वगैरे नावांनी जे गेम आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ च्या जपानी 'फॅमिकॉम'ची नक्कल. त्याची कॅसेट ६० पिनांची. अमेरिकेत १९८५ मध्ये तेच यंत्र 'एनईएस' म्हणून आलं, त्याची कॅसेट ७२ पिनांची आणि आकारानंही मोठी. मी हौसेनं अमेरिकन कॅसेट मागवली. माझ्या यंत्रात ती बसेना. शोकेसमध्ये मात्र छान बसली आहे.

४. वस्तूची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी लोक धरतात, अडॅप्टर कुणी धरत नाही. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट वीज येते, आपल्याकडे २३०. अस्सल फॅमिकॉमचा जपानी अडॅप्टर मी थेट आपल्या बोर्डात खोचला. मोबाइल दुरुस्तीवाला असून! आधी वास आला, मग धूर. यंत्र वाचलं, पण ते पुरतं तपासून होईपर्यंत मी दुकानात कुणाशी धड बोललो नव्हतो. आता कोणतीही वस्तू घेताना तारा, अडॅप्टर आणि माझी चूक, तिन्हीचे पैसे आधीच धरतो.

५. लिलावाच्या बातम्या वाचून भाव ठरवू नका. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली, म्हणजे तेव्हाचे साडेअकरा कोटींच्या वर. त्यानंतर जो तो माळ्यावर चढला. पण या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत, गेम काही दुर्मीळ नाही. मोल होतं ते न फोडलेल्या प्लॅस्टिकला. आपल्याकडे कॅसेट न फोडता कोण ठेवणार होतं? आणली की दप्तर कोपऱ्यात, कॅसेटीत फुंकर, लाइट जायच्या आत एक डाव. त्यामुळे माळ्यावरच्या गेमला कुणी लाखात भाव सांगितला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

६. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीवरच्या आकड्याचे पैसे देऊ नका. आत मोजके खेळ, तेच ते नाव बदलून पुन्हा.

७. घेताय ते चालणार कशावर, हे बघा. बदकं मारायच्या बंदुकीनं मला हे शिकवलं. ३५० रुपयांना मिळाली, घरच्या नव्या टीव्हीवर एक बदक पडेना. बंदूक बिघडली म्हणून सगळी खोलून बसलो. बंदूक ठणठणीत होती. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे गणित जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बसवलेलं आहे. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, आणि नेम कितीही धरला तरी बदक उडून जातं.

तर औंढा, वसमत, हिंगोली भागात कुणाच्या घरी जुना डब्बा टीव्ही चालू स्थितीत पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला विचारा. डब्यात सध्या १,१५० रुपये आहेत, आणि हा आकडा घरी माहीत आहे.