जिवाणू येतो, जनुके जागी होतात

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत काही जणांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले. आजार होता गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या काही शौचनमुन्यांत 'कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आढळला. दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून तो पोटात जातो. तेथे तो नेमके काय करतो?

आतड्याच्या आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात प्रथिनांची माहिती बाळगणारी सुमारे २०,००० जनुके असतात. पण एका वेळी त्यांतील काहीच चालू असतात. जनुक चालू होणे म्हणजे त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघणे व तिच्यावरून प्रथिन तयार होणे.

जनुके चालू करणारे एक बटण म्हणजे 'एनएफ-कप्पा-बी' हे प्रथिन. एरवी दुसरे एक प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर जखडून ठेवते. जिवाणू पेशीला भिडला, की हे जखडणारे प्रथिन नष्ट होते. मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि इंटरल्यूकिन-८ या प्रथिनाचे जनुक चालू करते. इंटरल्यूकिन-८ रक्तातील पांढऱ्या पेशींना बोलावून आणते. त्या जिवाणूंशी लढतात. परंतु या झटापटीत अस्तरालाही सूज येते. म्हणूनच पोटात कळा येतात, कधी जुलाबातून रक्त पडते.

याच जिवाणूचे एक विषद्रव्य तर केंद्रकात शिरून डीएनएचे धागेच तोडते. मग पेशीचे विभाजन थांबते, ती फुगते व अखेर मरू शकते.

मग हातपाय का लुळे पडतात? या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित मज्जातंतूंवरच हल्ला करतात. जुलाब झालेल्यांपैकी फारच थोड्यांना जीबीएस होतो, हेही लक्षात ठेवा.

इतक्या गुंतागुंतीच्या रोगावरचा पहिला उपाय मात्र साधा आहे: पाणी उकळून प्या. उकळत्या पाण्यात हा जिवाणू जगत नाही.

आता विचार करा: एनएफ-कप्पा-बीला जखडणारे प्रथिन नष्टच झाले नाही, तर सूज कमी होईल, पण जिवाणूंचे काय होईल?