भुईमुगाच्या दाण्यांची बिनपाकाची वडी

खरिपाचा भुईमूग निघून शेंगा घरांत आल्या म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं दाण्यांस तोटा नसतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील खेड्यांतून अशा वेळीं दाण्यांचे लाडू किंवा गुळाच्या पाकांतील चिक्की करितात. परंतु पाक साधणें सर्वांस जमत नाहीं. तो कच्चा राहिला तर वडी पडत नाहीं व फार पक्का झाला तर ती दातांस आवरत नाहीं. म्हणून पाकावांचून, तुपावांचून व थोड्या गुळांत होणारी वडी येथें देत आहों.

साहित्य.— भाजून सोललेले दाणे 250 ग्रॅम, मऊ गूळ 120 ग्रॅम, डाळ्यांचें पीठ 60 ग्रॅम, वेलदोड्याची पूड पाव चमचा व मीठ चिमूटभर.

कृति.— दाणे मंद आंचेवर खमंग भाजून निवूं द्यावे व साल चोळून पाखडून काढावी. चुलीचें काम येथेंच संपतें. नंतर दाणे खलबत्त्यांत किंवा यंत्रांत कुटावे. प्रथम कोरडें कूट होतें. तेवढ्यावर न थांबतां आणखी कुटलें म्हणजे दाण्यांचें अंगचें तेल सुटून त्याचा गोळा बनूं लागतो. हेंच तेल वडीस बांधून धरतें. आतां बारीक चिरलेला गूळ, मीठ व वेलदोडा घालून सर्व एकजीव मळावें आणि शेवटीं डाळ्यांचें पीठ मिसळावें. मिश्रण सुटें वाटल्यास थोडा गूळ वाढवावा. पाणी किंवा दूध घालूं नये, ओलाव्यानें वडी लवकर बिघडते. तेलाचा हात लावलेल्या थाळींत थापून 24 वड्या पाडाव्या.

वडी हलकी म्हटली तरी ती पोटभर खाण्याची नव्हे. दाण्यांत सुमारें निम्में तेल व चतुर्थांश प्रथिनें असतात. तूप गाळल्यानें व गूळ निम्म्यावर आणल्यानें गोडी व स्निग्धता कमी होते, परंतु दाण्याचा जडपणा राहतोच. म्हणून वड्या लहान पाडाव्या. एका वेळीं एक-दोन पुरेशा आहेत.

आतां मुख्य गोष्ट. वडीची खरी परीक्षा थाळींत नसून खळ्यावर होते. शेंग भरतांना पाण्याचा ताण पडला, किंवा काढणीच्या वेळीं परतीच्या पावसांत शेंगा भिजल्या, तर दाण्यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाची बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन हें विष निर्माण करिते. 1960 सालीं इंग्लंडांत भुईमुगाची दूषित पेंड खाऊन एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्या शोधांतूनच हें विष उघडकीस आलें. तें यकृतास घातक असून भाजण्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. मग गुळानें कडवटपणा झांकून काय उपयोग ?

यास्तव शेंगा उपटतांच ढीग न लावतां पातळ पसरून वाळवाव्या. शेंग हलविली असतां दाणा आंत खुळखुळला व बोटांनीं चोळतां साल सुटली म्हणजे ती वाळली असें समजावें. पोतीं ओल्या जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर ठेवावीं. वडीसाठीं दाणे निवडतांना काळे, सुरकुतलेले, फुटके, बुरशीचे व खवट दाणे काढून टाकावे. एक दाणा जरी कडू लागला तरी तो थुंकून चूळ भरावी व उरलेले दाणे पुन्हां निवडावे. मात्र चांगल्या दिसणाऱ्या दाण्यांतही विष असूं शकतें, म्हणून भिजलेला माल निवडण्यावर विसंबून मुलांना देऊं नये. काढलेले दाणे गुरांसही घालूं नयेत. दुभत्या जनावराच्या दुधांतून त्या विषाचा अंश पुन्हां घरांतच येतो.

काढणीनंतर ऊन मिळेल तेव्हां शेंगांकडे लक्ष पुरविलें, तर बाजारांत भाव चांगला येतो आणि घरच्या मुलांच्या हातीं निर्धास्तपणें वडी देतां येते. दोहोंचें मूळ एकच आहे.