कच्चं मडकं (गीता १८.४८)



आजचं वाचन गीता, अध्याय १८, श्लोक ४८. भगवंत अर्जुनाला सांगतात, आपल्या वाट्याला सहज आलेलं कर्म सदोष वाटलं तरी टाकू नकोस. अग्नीला जसा धूर वेढून असतो, तसा प्रत्येक आरंभाला कुठला ना कुठला दोष असतोच. 'आरंभ' म्हणजे इथे हाती घेतलेलं कोणतंही काम. पण मला त्यात 'सुरुवात'ही ऐकू येते. त्याला कारण आहे.

मागच्या वर्षी नोकरी सांभाळून मी संतकथांची चित्रं काढायला लागलो. पुढेमागे हेच काम करायचं असं मनात होतं. पहिली चित्रं एका संपादकांना पाठवली. उत्तर आलं, "अजून कच्चं आहे." झालं! टॅबलेट दोन महिने कपाटात. कोड लिहिणाऱ्यानं ही नसती उठाठेव कशाला करावी, हेच डोक्यात.

गंमत म्हणजे त्यातलं एक चित्र आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांचं होतं. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाई थापटणं बघून विचारतात, हे कशासाठी? काका म्हणतात, मडकं पक्कं की कच्चं ते बघायला. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र कळवळले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

विचार करा, हे कोणाला म्हटलं? ज्यांच्याशी पांडुरंग बोलतो असं सगळे मानत त्यांना! नामदेव रागावले, रडले, पंढरपूरला जाऊन देवाकडे तक्रार केली. देवानंही काकांचीच बाजू घेतली आणि विसोबा खेचरांकडे जा म्हटलं. औंढा नागनाथला विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. "पाय उचलून देव नसेल तिथे ठेव," म्हणाले. नामदेवांना तशी जागा सापडेना. पंढरपूरपुरता असलेला देव तिथे सगळीकडे झाला. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत.

या वेळी गोष्ट वाचताना लक्षात आलं, मी 'कच्चं' हा शब्द 'फुटकं' असा वाचला होता. फुटकं मडकं कुंभार बाजूला टाकतो. कच्चं म्हणजे घडलेलं, आकार आलेलं. फक्त भाजायचं राहिलेलं. आणि आवा पेटला की आधी धूरच होतो. तो बघून कुंभार काही आवा विझवत नाही.

टॅबलेट बाहेर काढला. जुनं चित्र उघडलं तर संपादकांचं म्हणणं सरळ दिसलं: मी सगळ्या संतांचे चेहरे एकसारखे शांत काढले होते, नामदेवांचासुद्धा! ज्याला लागलं, त्याचाच चेहरा चुकला होता. काल रात्री फक्त तेवढा चेहरा पुन्हा काढला. डोळे अजून नीट जमलेले नाहीत, आज परत बसणार.

उद्या श्लोक ४९.

राम कृष्ण हरी 🙏