जहाज किती वेळा बुडते?

शिरूर-दौंडकडच्या मुलाने जहाजांच्या अपघातांवर लिहावे, याचे काही मित्रांना हसू आले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मीच पहिला. समुद्र तर अद्याप घरात कोणीच पाहिलेला नाही. परंतु शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते आणि त्या जलाशयात नावा चालतात.

प्रथम आकडे पाहू. जगात 100 टनांहून मोठी जहाजे सुमारे एक लाख आहेत. 1990 नंतरच्या काही वर्षांत त्यांपैकी दरसाल दोनशेच्या आसपास पूर्णतः नष्ट होत; 2023 साली केवळ 26 झाली. म्हणजे स्थूलमानाने चार हजारांत एक. रडार, हवामानाचे अंदाज आणि 1912 साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर झालेले आंतरराष्ट्रीय नियम यांना याचे श्रेय द्यावे लागेल.

पण या गणतीत एक गोम आहे. ती जहाजे मोजते, माणसे मोजत नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गणतीत मात्र ती एकच! दिवस ऐन पावसाळ्याचे, आषाढ अमावास्या तोंडावर आलेली, गावी जाणाऱ्यांची गर्दी. मोठी लाट आदळून पाणी आत आले, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. बैलगाडीत उंच रचलेला कडबा एकीकडे सरकला की गाडी उलटते, तसेच हे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती कित्येक तासांनी.

लहान नाव तर या गणतीत येतच नाही. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सात जणांपैकी एकजण पोहून काठाला लागला, सहा बुडाले. जगाच्या तक्त्यात या अपघातापुढे शून्य येईल.

शक्यता आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते: आपण किती वेळा नावेत बसतो. केवळ हिशेबासाठी समजा, एका फेरीत धोका दहा हजारांत एक आहे. सहलीला एकदा बसणाऱ्याने तो विसरावा. पण वर्षाला तीनशे फेऱ्या दहा वर्षे करणाऱ्याच्या बाबतीत तो जवळजवळ चारांत एक होतो. त्यात वैशाखातले वळवाचे वारे आणि वेळ दुपारनंतरची असेल, तर तो त्याहूनही वाढतो.

माझी मावशी जलाशयाकाठच्या गावी दिली आहे. हा हिशेब मी तिला सांगितला. ती म्हणाली, “खरं असंल रं. पण रस्त्यानं गेलं तर अख्खा दिस जातो, अन् नावंनं घटकाभरात पल्याड.” नावेत सर्वांना पुरतील एवढी जॅकेटे असतात का, असे विचारले, तर तिला आधी जॅकेट म्हणजे काय तेच सांगावे लागले.