इंग्रजी लेखनातील मोठी अक्षरे : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही नियम

देवनागरी लिपीत लहान व मोठ्या अक्षरांचा भेद नाही. मराठीत 'गोदावरी' आणि 'नदी' या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर सारख्याच आकाराचे असते. विशेषनाम कोणते हे वाचकाला अर्थावरून कळते. इंग्रजीत मात्र हे काम अक्षराचा आकार करतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सन २००० मध्ये आला. त्यापूर्वी शाळेत दाखल झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ही मुळाक्षरे इयत्ता पाचवीत गिरविली. मोठी लिपी आणि लहान लिपी आपण शिकलो, परंतु कोणती कोठे वापरावी याचे शिक्षण बहुधा तेथेच थांबले.

आज वैद्याच्या हातून रोज इंग्रजी लिहिले जाते. औषधपत्र, प्रमाणपत्र, घाऊक मालाची मागणी, लेबल, शोधनिबंध ही सर्व त्याची क्षेत्रे होत. यांपैकी काही ठिकाणी अक्षराचा आकार ही केवळ शोभेची बाब असते. काही ठिकाणी मात्र त्यावर द्रव्याची ओळख व मात्रा अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा विचार अधिक केला आहे.

१. सामान्य नियम

वाक्याचा आरंभ मोठ्या अक्षराने होतो. 'मी' या अर्थाचा 'आय' वाक्यात कोठेही आला तरी मोठाच लिहितात. व्यक्ती, गाव, नदी, देश, भाषा, वार व महिने यांच्या नावांचे पहिले अक्षर मोठे असते. ऋतूंची नावे मात्र लहान अक्षराने लिहितात. ऋतुचर्येवर इंग्रजीत लिहिताना 'मार्च' मोठ्या अक्षराने आणि 'स्प्रिंग' लहान अक्षराने येईल, हे लक्षात ठेवावे.

व्याधींची नावे सामान्यनामे आहेत. डायबिटीस, अस्थमा, तसेच आमवात, पांडू ही नावे वाक्याच्या मध्ये लहान अक्षरानेच लिहावीत. पार्किन्सन्स डिसीज यात पहिला शब्द व्यक्तिनाम असल्याने मोठा आणि दुसरा लहान येतो. चरकसंहिता, अष्टांगहृदय ही ग्रंथनामे मोठ्या अक्षराने लिहितात. वात, पित्त, कफ यांच्याबाबत लेखकांत एकवाक्यता नाही. लहान अक्षर अधिक सयुक्तिक वाटते. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी ती लेखात आरंभापासून अखेरपर्यंत एकच असावी.

२. वनस्पतींची शास्त्रीय नावे

लिनियसने १७५३ साली 'स्पिशीज प्लँटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ झाली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. नियम सरळ आहे : प्रजातीचे पहिले अक्षर नेहमी मोठे, जातीचा संपूर्ण शब्द लहान अक्षरांत, आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात. अश्वगंधेच्या 'विथानिया सोम्निफेरा' या नावात केवळ 'डब्ल्यू' मोठा असतो.

या नियमाचे मर्म आवळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आपल्या ग्रंथांत आवळ्याची 'एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस' आणि 'फायलँथस एम्ब्लिका' अशी दोन नावे आढळतात. 'एम्ब्लिका' हा शब्द पहिल्या नावात प्रजाती असल्याने मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्यात जाती असल्याने लहान अक्षराने लिहिला जातो. शब्द एकच, अक्षराचा आकार त्याचे स्थान सांगतो.

येथे दोन मोह टाळावेत. कडुनिंबाच्या 'अझाडिराक्टा इंडिका' या नावात 'इंडिका' हा शब्द देशवाचक असूनही लहानच राहतो. गुग्गुळाचे 'कॉमिफोरा वायटी' हे नाव रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आले. तेथेही जातीचा शब्द लहानच. जुन्या पुस्तकांत व्यक्तिनामावरून आलेले असे शब्द मोठ्या अक्षराने छापलेले दिसतात. पूर्वी तशी मुभा होती. आता सर्वत्र लहान अक्षराचीच शिफारस आहे. नावापुढे येणारा मोठा 'एल' व टिंब हा लिनियसचा संक्षेप आहे. तो लहान करू नये.

प्रजातीचे नाव केवळ आद्याक्षराने लिहिण्याची पद्धत सोयीची, परंतु सावधगिरीची आहे. मोठा 'टी' म्हणजे हिरड्याची टर्मिनॅलिया, गुळवेलीची टिनोस्पोरा की गोखरूची ट्रिब्युलस? म्हणून प्रथम उल्लेख पूर्ण नावानेच करावा. जातीचा शब्द तर कधीही गाळू नये. आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये गुळवेलीविषयी खुलासा करताना 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' हीच जाती वापरावी व 'टिनोस्पोरा क्रिस्पा' टाळावी असे सांगितले. मोठ्या अक्षराचा शब्द दोहोंत समान आहे. भेद आहे तो लहान अक्षरांतील दुसऱ्या शब्दात. मालाच्या मागणीत केवळ 'टिनोस्पोरा' लिहिणाऱ्याने भेदाचा भागच वगळला असे होते.

३. मात्रा व मापे

मापांच्या चिन्हांत अक्षराचा आकार हा अर्थच असतो. लहान 'एम' म्हणजे सहस्रांश, मोठा 'एम' म्हणजे दशलक्षपट. मिलिग्रॅमची दोन्ही अक्षरे लहान असतात. त्यांतील 'एम' मोठा केल्यास ते मॅग्नेशियमचे चिन्ह होते. ग्रॅमसाठी केवळ एक लहान 'जी' पुरेसा आहे. लिटरचा 'एल' मात्र लहान व मोठा दोन्ही चालतो. लहान 'एल' हा एक या अंकासारखा दिसतो, म्हणून १९७९ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोठ्या 'एल'ला मान्यता दिली. काढा व आसव-अरिष्टांची मात्रा लिहिताना तोच वापरणे हिताचे. रसौषधींत मिलिग्रॅम व ग्रॅम यांतील अंतर हजारपटीचे असते. तेथे हयगय नसावी. अंक व चिन्ह यांमध्ये थोडी जागा सोडावी.

४. आद्याक्षरांचे संक्षेप

औषधपत्रावरील सर्वांत मोठा धोका येथे आहे. मोठ्या 'के' व 'जी' या अक्षरांनी कैशोर गुग्गुळ लिहिणारे वैद्य आहेत, तसेच कांचनार गुग्गुळ लिहिणारेही आहेत. एक वातरक्तात द्यावयाचा, दुसरा गंडमाळा व ग्रंथींत. काउंटरवरील नव्या मदतनिसाने काय समजावे? 'एस.एस.' म्हणजे साधा सूतशेखर की सुवर्ण सूतशेखर, हाही असाच प्रश्न. येथे गुणांबरोबर किमतीतही अंतर पडते. संक्षेपाचा दुसरा अर्थ संभवत असेल तर नाव पूर्ण लिहावे. विक्रेत्यानेही अंदाज न बांधता वैद्यांस विचारावे.

५. औषधपत्र

भारतीय वैद्यक परिषदेने सप्टेंबर २०१६ मध्ये आधुनिक वैद्यकाच्या चिकित्सकांसाठी नियमात दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्यास सांगितले. ही प्रथा आपणही स्वेच्छेने स्वीकारण्यासारखी आहे, कारण मोठी अक्षरे सुटी लिहिली जातात व एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र संपूर्ण कागद मोठ्या अक्षरांत भरू नये. नाव मोठ्या अक्षरांत, मापाचे चिन्ह त्याच्या नियमाप्रमाणे, आणि अनुपान व सेवनकाळ शक्यतो मराठीत, ही विभागणी रुग्ण व विक्रेता दोघांनाही सोयीची ठरते.

दुकानातील खणांवर चिठ्ठ्या लावताना आणखी एक युक्ती उपयोगी पडेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ पासून सारख्या दिसणाऱ्या औषधनामांत केवळ भिन्न असलेला भाग मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत पुढे आणली. 'योगराज' आणि 'महायोगराज' या नावांत 'महा' एवढाच भाग मोठा केला, तर नजर तेथेच थांबते.

६. संस्कृत शब्दांचे रोमन लेखन

संगणकावर संस्कृतसाठी वापरल्या जाणाऱ्या हार्वर्ड-क्योटो पद्धतीत मोठे अक्षर हा स्वतंत्र वर्ण असतो. लहान 'ए' म्हणजे 'अ', मोठा 'ए' म्हणजे 'आ'. 'बल' आणि 'बला' यांतील भेद तेथे केवळ अंत्य अक्षराच्या आकाराने कळतो. अशा मजकुराला इंग्रजीचे नियम लावून अक्षरे बदलल्यास शक्तिवाचक शब्द व वनौषधी यांची गल्लत होईल.

नियम पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी : कागद हातावेगळा करण्यापूर्वी द्रव्याचे नाव, मापाचे चिन्ह आणि संक्षेप या तीन जागी दृष्टी फिरवावी. द्रव्याच्या ओळखीबाबत व मात्रेबाबत आपले शास्त्र काटेकोर आहे. त्याच्या लेखनातही तोच काटेकोरपणा असावा.