दोन वाटाडे

गणपतीपुळ्याला येण्याच्या वाटा अनेक आहेत. मुंबईचा प्रवासी निवळीपाशी महामार्ग सोडून वळतो. कोल्हापूरकर आंबा घाट उतरून येतात. रत्नागिरीहून निघालेला आरे-वारे येथील समुद्राची शोभा पाहत किनाऱ्याकिनाऱ्याने येतो. गुहागरकडून सागरकिनाऱ्याने येणाऱ्याला मात्र शास्त्री नदीची खाडी आडवी येते. तवसाळच्या धक्क्यावर त्याने आपली मोटार बोटीत चढवावी आणि पैलतीरी जयगडला उतरवावी, अशी तेथील रीत आहे.

पूर्वी या साऱ्या वाटांवर वाटाड्या एकच असे. तो म्हणजे रस्त्याच्या कडेला भेटणारा माणूस. "पुळ्याची वाट कोणती हो?" असे विचारले, की तो हातातले काम ठेवून चार पावले बरोबर येई. आता वाटाड्या मोटारीतच बसलेला असतो, आणि तोही दोन प्रकारचा असतो.

गेल्या माघ महिन्यात माझे थोरले बंधू कोल्हापूरहून आणि माझा भाचा मुंबईहून, असे दोघेही आपापल्या मोटारीने आमच्या घरी आले. दादांच्या मोटारीच्या काचेला वाट दाखवणारे स्वतंत्र यंत्र बसवलेले होते. भाच्याने त्याच कामासाठी आपला मोबाईल समोर लावला होता. पाने वाढली जाईपर्यंत ओटीवर दोघांचा वाद चांगलाच रंगला.

दादा म्हणाले, "घाटात तुझ्या मोबाईलला लहरी मिळेनाशा झाल्या, की त्याची वाचा बसते. माझे यंत्र आंबा घाटभर बोलत होते."

भाचा हसून म्हणाला, "थोरले मामा, तुमचे यंत्र मुंबई-गोवा महामार्गाला अजून सतरा क्रमांकाचा म्हणते! २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि सतराचा सहासष्ट झाला, ही वार्ता त्याच्या कानी कोणी घातलीच नाही."

दोघांचेही म्हणणे खरे होते. ते कसे, हे समजण्यासाठी या वाटाड्यांना आपला ठावठिकाणा कसा कळतो, ते पाहिले पाहिजे.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे काही उपग्रह सतत फिरत असतात. प्रत्येकात अत्यंत अचूक घड्याळ असते आणि प्रत्येक जण 'मी अमुक जागी आहे, आता अमुक वेळ झाली आहे' असा संदेश अखंड पाठवीत असतो. तो संदेश पोहोचायला किती क्षण लागले, यावरून उपग्रह किती दूर आहे ते मोटारीतील यंत्र ठरवते. अशा किमान चार उपग्रहांचे अंतर कळले, की यंत्राला आपली जागा सापडते. भारतानेही २०१३ पासून या कामासाठी स्वतःचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला आणि २०१६ साली त्या योजनेला 'नाविक' असे समर्पक नाव मिळाले. समुद्रात ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या आमच्या कोकणी तांडेलांना हे नाव ऐकून खचित आनंद होईल.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की दादांचे यंत्र काय किंवा भाच्याचा मोबाईल काय, दोघेही आकाशाकडूनच ठिकाण विचारून घेतात. त्यासाठी दोघांनाही मोबाईलच्या मनोऱ्याची गरज नसते. बोगद्यात शिरले, की आकाश झाकले जाऊन दोघेही सारखेच गोंधळतात. मग भेद कोठे आहे? तो आहे नकाशात. यंत्राचा नकाशा त्याच्या पोटात साठवलेला असतो. मोबाईल तो प्रवासात लागेल तसतसा दुरून मागवून घेतो.

या एका भेदातूनच दोघांचे गुणदोष उपजतात. पोटातला नकाशा दऱ्याखोऱ्यांतही साथ सोडत नाही; परंतु तो वेळोवेळी नवा केला नाही, तर नवे पूल, नवे बोगदे आणि नवे क्रमांक त्याला ठाऊक होत नाहीत. शिवाय या यंत्राला वेगळे पैसे पडतात आणि त्याचा दुसरा उपयोग नसतो. मात्र मध्येच कोणाचा फोन येऊन त्याचे काम थांबत नाही. याउलट मोबाईल घरी असतोच. त्याचा नकाशा ताजा असतो. रस्त्यावरील इतर मोबाईल किती वेगाने पुढे सरकत आहेत, यावरून पुढची कोंडीही तो सांगतो. पण लहरी तुटल्या, की ही सारी विद्या लुळी पडते. उन्हात काचेजवळ ठेवल्यास तो तापतो आणि त्याची बॅटरीही लवकर उतरते.

या अडचणीवर उपाय आहे. ज्या मुलखात जायचे, त्याचा नकाशा निघण्यापूर्वी घरीच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. मग घाटातही तो वाट दाखवू शकतो. फक्त कोंडीची वार्ता त्याला कळत नाही. बहुतेकांना एवढ्याने वेगळ्या यंत्राची गरज उरत नाही. ज्यांना नित्य आडमार्गाने दूरदूर जावे लागते, त्यांनी स्वतंत्र यंत्र जरूर घ्यावे. पण त्याचा नकाशा नवा ठेवण्याची शिस्तही पाळावी. साधन कोणतेही असो, ते समोर पक्के बसवलेले हवे. मोटार चालवताना हातातील उपकरणाचा उपयोग केवळ वाट पाहण्यासाठी, आणि तोही चित्त विचलित होणार नाही अशा रीतीनेच करावा, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला आहे.

तथापि ताज्या नकाशालाही काही गोष्टी अज्ञात राहतात. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या काळोखात नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यातील एका पुलाच्या रस्त्याला लागली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. दोघे जण कसेबसे बाहेर आले. चालकाचा मात्र बुडून अंत झाला. नकाशावर रस्ता होता, आणि रस्त्यावर पाणी होते. गावातील कोणाही माणसाने ते एका वाक्यात सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हेदवीच्या दशभुज गणेशाच्या दर्शनाला निघालो. दादांचे यंत्र आम्हांला खाडीला लांबचा वळसा घालायला सांगत होते, कारण बोटीची वाट त्याच्या नकाशात नव्हती. भाच्याच्या मोबाईलने जयगडचा धक्का बरोबर दाखवला. भाच्याने विजयी मुद्रेने मामांकडे पाहिले. धक्क्यावर उतरताच मी बोटीवरच्या माणसाला परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवली.

दर्शन झाल्यावर भाचा म्हणाला, "सूर्यास्त पाहूनच निघू. मोबाईलच्या हिशेबाने आपण वेळेवर घरी पोहोचतो."

"तुझा मोबाईल रस्त्याचा हिशेब सांगतो," मी म्हणालो, "बोट काही त्याच्यासाठी थांबायची नाही."

आम्ही तसेच निघालो आणि शेवटच्या बोटीत चढलो. बोट धक्क्यापासून सुटून थोडी दूर गेली असेल नसेल, तोच तवसाळच्या उतारावर एका मोटारीचे दिवे दिसले. मोटार पाण्याच्या कडेशी येऊन थांबली. दोन माणसे खाली उतरली. त्यांतील एकाच्या हातात उजळलेला मोबाईल दुरूनही स्पष्ट दिसत होता. त्यांना आता रात्री अनोळखी मुलखातून खाडीचा सारा वळसा घालावा लागणार होता.

भाचा बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सकाळी तुम्ही विचारलेत, म्हणून बरे झाले."

दादा काही बोलले नाहीत. पण घरी येताच त्यांनी यंत्र काचेवरून काढले आणि भाच्याच्या पुढे ठेवले. म्हणाले, "उद्या निघण्यापूर्वी याचा नकाशा तेवढा नवा करून दे."

अभ्यास

१. मोटारीतील यंत्राला आपली जागा कशी सापडते, ते थोडक्यात सांगा.
२. 'भेद नकाशात आहे', असे लेखक का म्हणतो?
३. नकाशावर नसलेल्या कोणत्या गोष्टी या पाठात आल्या आहेत?
४. 'वाचा बसणे', 'चित्त विचलित होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावी येणाऱ्या पाहुण्याला वाट सांगणारे पत्र लिहा. पावसाळ्यात त्या वाटेवर काय बदल होतात, तेही त्यात कळवा.