अगुलेरीचा धर्मग्राम : बीं परक्यांनीं पेरिलें, शेत घरच्यांनीं राखिलें

वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १४, ओव्या २१ ते २३.

नवी मंडळी कोणाच्या बळावर उभी राहते, हा प्रश्न खेड्यांतील प्रत्येक उपदेशकाच्या मनांत कधीं ना कधीं येतो. मिशनचे लोक निघून गेले तर आमचें काय होईल, ही धास्तीही पुष्कळांनीं अनुभविली आहे. ह्या धड्यांत आम्ही वाचकांस पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत नेत आहों. तेथील इग्बो लोकांच्या अगुलेरी गांवीं रोमन कॅथोलिक धर्मग्राम, म्हणजे त्यांची पॅरिश, कसा उभा राहिला हें आपण पाहूं. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हे. तरी वरील प्रश्नाचें उत्तर तिच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

१. नदीकांठची सुरुवात

इग्बो लोक मुख्यत्वें नायजर नदीच्या पूर्वेस दाट वस्तीच्या गांवांतून राहतात. कोनफळाच्या जातीचा कंद हें त्यांचें मानाचें पीक. पूर्वी त्यांच्या बहुतेक गांवांस राजा नसे. वडीलधारे व मानकरी पुरुष कारभार पाहत. नदीवरील ओनित्शा ह्या बाजारपेठेंत १८५७ सालीं चर्च मिशनरी सोसायटीनें काम सुरू केलें. त्या कामाचे पुढारी सॅम्युएल अजायी क्राउथर हे स्वतः आफ्रिकन असून बालपणीं गुलाम म्हणून विकले गेले होते. पुढें १८६४ सालीं ते बिशप झाले.

१८८५ च्या डिसेंबरांत पवित्र आत्म्याच्या संघाचे फ्रान्सहून पाठविलेले पाद्री, फादर जोसेफ लुट्झ यांच्या पुढारीपणाखालीं, ओनित्शास पोहोंचले. क्राउथर यांनीं आपल्या मिशनसाठीं मिळविलेली जागा त्यांस देऊं केली, असें तेथील कॅथोलिक लोक कृतज्ञतेनें सांगतात. पुढें दोन्ही पंथांत शाळांवरून पुष्कळ चुरस झाली. म्हणून हा आरंभ स्मरणांत ठेवण्याजोगा आहे.

२. मानकऱ्यानें मोजलेली किंमत

अगुलेरी हें ओनित्शाच्या उत्तरेस, अनांब्रा नदीच्या प्रदेशांतील गांव. तेथील इदिगो नांवाच्या मोठ्या मानकऱ्यानें १८९१ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि जोसेफ हें नांव धारण केलें. त्यानें मानमरातब सोडिला व अनेक स्त्रियांपैकीं एकीसच पत्नी म्हणून ठेविलें. आपल्याबरोबरच्या ख्रिस्ती कुटुंबांस घेऊन तो निराळ्या वस्तीवर राहूं लागला.

येथें दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे. पहिली ही कीं, अशा निर्णयाची किंमत एकटा पुरुष देत नाहीं. घरांतून दूर झालेल्या स्त्रियाही ती देतात. दुसरी ही कीं, निराळी वस्ती नव्या विश्वासणाऱ्यांचा बचाव करिते, पण गांवाशीं असलेला त्यांचा संबंधही तोडिते. त्या काळीं मिशन पैसे भरून गुलाम सोडवी व त्यांस अशाच वस्त्यांवर ठेवी. आपल्या नाशिकजवळील शरणपूरच्या वस्तीवरही सोडविलेल्या आफ्रिकन गुलामांस आश्रय मिळाला होता. आश्रय देणें हें दयेचें काम खरें. परंतु कुंपणाच्या आंतल्या दिव्याचा उजेड साऱ्या गांवांत पोहोंचत नाहीं.

३. शाळामास्तर

आयर्लंडचे फादर जोसेफ शानाहान १९०२ सालीं ह्या देशांत आले, आणि १९०५ पासून कामाची मुख्य जबाबदारी त्यांजकडे आली. गुलाम सोडविण्याकडे जाणारा पैसा त्यांनीं गांवोगांवच्या शाळांकडे वळविला. पाद्री थोडे आणि गांवें फार. म्हणून प्रत्येक शाळेचा मास्तर हाच तेथला उपदेशक झाला. दिवसा मुलांस अक्षरें शिकवावीं, सांजचे मोठ्या माणसांकडून प्रार्थना व धर्मतत्त्वें पाठ करून घ्यावीं, पाद्री येई तोंवर उमेदवारांची तयारी करावी, असा त्याचा क्रम असे. अशा रीतीनें कुंपणाच्या आंतील धर्म मास्तराच्या पायांनीं गांवांत गेला.

४. गांवचाच मुलगा

अगुलेरींत १९०३ सालीं एका ख्रिस्तेतर शेतकऱ्याच्या घरीं एक मुलगा जन्मला. बापाला रॉयल नायजर कंपनीनें कैदेंत ठेविलें होतें. म्हणून ‘माणसांचा द्वेष मला न मारो’ अशा अर्थाचें नांव त्यानें मुलास ठेविलें. त्याचें लहान रूप इवेने. हा मुलगा ख्रिस्ती वस्तीवर वाढला, मायकेल नांवानें बाप्तिस्मा पावला, शाळामास्तर झाला, आणि १९२४ सालीं अगुलेरीच्याच शाळेचा हेडमास्तर झाला. त्याच्या आईवर चेटकाचा खोटा आळ घालून तिला विष पाजण्यांत आलें. इतकें होऊनही त्यानें आपल्या लोकांकडे पाठ फिरविली नाहीं.

१९३७ च्या डिसेंबरांत तो पाद्री झाला. हेच फादर तान्सी. १९३९ पासून दुनुकोफिया येथें असतां ते पायीं व सायकलीवर गांवोगांव फिरत आणि साधेपणानें राहत. लग्न ठरलेल्या मुलींस ते संसाराचें व धर्माचें शिक्षण देववीत. शापित म्हणून लोक ज्या रानास भीत, त्याची भीति त्यांनीं मोडिली. तेथेंच १९४१ सालीं त्यांनीं फ्रान्सिस अरिंझे नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा केला. तोच पुढें १९८५ सालीं कार्डिनल झाला. १९४९ सालीं तान्सी आपल्या जन्मगांवचे पाळक म्हणून अगुलेरीस परत आले. वर्षभरानें ते इंग्लंडांतील एका मठांत गेले व १९६४ सालीं इंग्लंडांतच वारले. १९९८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ओनित्शाजवळ ओबा येथें त्यांस ‘धन्य’ म्हणून घोषित केलें. आम्ही प्रोटेस्टंट लोक संतांस विनंती करीत नाहीं. तथापि विश्वासू सेवकाचा मान राखणें हें आपलेंही कर्तव्य आहे.

५. परीक्षा

१९६७ ते १९७० पर्यंत बियाफ्राचें युद्ध झालें, आणि इग्बो प्रदेशांत उपासमारीनें असंख्य लेंकरें दगावलीं. युद्ध संपतांच सरकारनें तेथील परदेशी कॅथोलिक मिशनऱ्यांस देशाबाहेर काढिलें. त्यांची शाळाही सरकारनें ताब्यांत घेतल्या. आतां ही मंडळी मोडणार, असें कोणासही वाटलें असतें. पण तोंवर इग्बो पाद्री, मास्तर व माता तयार झाल्या होत्या. मंडळी मोडली नाहीं. उलट वाढली, आणि पुढें तिचेच पाद्री इतर देशांत सेवेस जाऊं लागले.

ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं, परका मनुष्य बीं आणूं शकतो, परंतु राखण गांवच्याच माणसानें करावी लागते. ज्या गांवीं एक विश्वासू मास्तर मुलांस शिकवीत आहे, तेथें पुढच्या पाळकाची तयारी चालूच आहे.

विचारासाठीं प्रश्न

(१) इदिगोच्या निर्णयाची किंमत कोणकोणीं दिली? आपल्या मंडळींत अशा स्त्रियांची काळजी कोण घेतें?
(२) आपली वस्ती गांवापासून निराळी असल्यास, गांवाशीं संबंध कसा राखावा?
(३) उद्यां बाहेरची मदत थांबली, तर आपल्या मंडळीचें कोणतें काम चालू राहील, आणि कोणतें बंद पडेल?